जादा अकरा मीटर

पिवळ्या रबरी खोळीतलं हे यंत्र
दोन किलोच्या द्राक्षपेटीहून हलकं.
एका बटणावरची खूण पुसलेली,
पट्टा माझ्याआधी ज्यांच्या गळ्यात होता
त्यांच्या घामाने काळा.

काम साधं. दोन दातेरी चिमटे
जोडीच्या दोन तारांना लावायचे
आणि तांब्यात एक ठोका सोडायचा.
ठोका जातो. जिथं काही बिनसलंय
तिथून त्याचा थोडा भाग परत फिरतो.
रेघ वर उसळली तर तार तुटलीय,
खाली बुडाली तर दोघी एकमेकींना चिकटल्यात,
आणि नुसतीच सुजल्यासारखी हलली
तर कुठल्यातरी जॉइंटात पाणी आहे
आणि आजचा दिवस गेला.

पहिले चार मीटर त्याला दिसत नाहीत.
पुस्तिकेतच आहे: अगदी जवळचा दोष कळत नाही,
मध्ये तारेचा तुकडा जोडा, थोडं लांब व्हा.
भोये हे मोठ्याने वाचायचे
आणि घरचा फोन आला की बंद करून ठेवायचे.

मंगळवारी तांबट आळीत
आप्पा वडनेऱ्यांचा फोन मुका.
मोबाइल घ्या म्हटलं, तर हंडा उपडा करून दाखवला.
बुडावर नंबर ठोकलेला.
"दोन पिढ्यांची भांडी गेलीत गावोगाव,
आता कुणाकुणाचं बूड बदलू?"

पिलरपाशी चिमटे लावले. रेघ सुजली. चारशे बारा.
चाकाचा मीटर ढकलत मी आणि शकील निघालो
चारशे नऊ, दहा, अकरा,
आणि चारशे बारा आलं
नेमकं मिसळीच्या दुकानाच्या पायरीशी.
मालक झारा हातात घेऊन उभा.
"बाई, गिऱ्हाइकाची वेळ आहे."
तीन फूट खोदलं.
केबल कोरडी, काळी, तुकतुकीत,
कालच पुरल्यासारखी.

पुन्हा ठोका. पुन्हा चारशे बारा.
वेगाचा आकडा तपासला, सेल बदलले,
शकीलने यंत्राला एक चापटही दिली.

मग करंजाळीला फोन लावला.
भोये वरईच्या शेतात होते, वारा ऐकू येत होता.
"गांगुर्डे, यंत्र खोटं नाही बोलत.
ते तार मोजतं. तू रस्ता मोजलास."
मागे कुणीतरी बैलाला हाकत होतं.
"दूधवाल्यासमोरचं चेंबर उघड.
एक्याण्णवच्या कुंभाआधी अकरा मीटर
गुंडाळून ठेवलीय तिथं.
रस्ता उकरतील, केबल तोडतील,
पुढच्याला जोडायला पुरावी म्हणून."
"रजिस्टरात का नाही लिहिलं?"
"लिहिलं असतं तर साहेबाने परत मागितली असती."

झाकण दोघांना उचललं नाही,
दूधवाल्याचा पोरगा आला.
आत चिखलात वेटोळं,
झोपलेल्या धामणीसारखं,
चार ठिकाणी सुतळीने बांधलेलं.
गाठी अजून घट्ट. मी मोजलं नाही.

अकरा मीटर मागे येऊन खोदलं
तर जॉइंटातून कपभर पाणी निघालं,
हिरवं, आंबूस.
कुजलेला भाग कापला, वेटोळ्यातली दीड मीटर ओढली,
एकेक जोडी पुसून पिळली.
बोटांना तांब्याचा वास
दुसऱ्या दिवशी भाकरी थापतानाही होता.

संध्याकाळी रेघ शेवटपर्यंत सपाट.
आप्पांच्या दुकानात जाऊन
मी माझ्या मोबाइलवरून नंबर लावला.
वाजला. आप्पा हातोडी थांबवून बसून राहिले.
"उचला की."
"थांब," म्हणाले. तिसरी घंटा, चौथी.
मान किंचित तिरकी,
नवी घागर ठोकून बघतात तशी.
"हं. कुठं तडा नाही."

रजिस्टरात लिहिलं: दोष दुरुस्त, अंतर ४०१.
पुढच्या वर्षी हे सगळं तांबं निघणार,
किलोच्या भावाने जाणार, असं परिपत्रक आहे.
उरलेल्या साडेनऊ मीटरचं
मी कुठंच लिहिलेलं नाही.

पायरीची फरशी तेवढी बसवायची राहिलीय.
मिसळवाला रोज फोन करतो.